सुरुंग उडाल्यानंतर

१९७२च्या दुष्काळात आमच्या कऱ्हाटीत विहिरी खोल नेण्याचं काम गावोगाव चाललं होतं. वर मुरूम, खाली काळा कातळ. मुरूम ढासळू नये म्हणून त्याला दगडी बांधकाम आणि तळाशी कातळ फोडायला सुरुंग. थोरली माणसं सांगत, बार उडाला, धूर निवळला, तरी जाणते वडार लगेच उतरत नसत. आधी काठावरून बांधकाम न्याहाळत. खालचा दगड फुटलेला दिसतोच; वरचा किती सुटला, ते शोधावं लागतं.

खाणीत आणि बोगद्यात डोक्यावर आभाळ नसतं, छत असतं. सुरुंगाची सगळी ताकद दगड फोडण्यात खर्ची पडत नाही. उरलेली हादरा होऊन खडकातून धावते आणि मोकळ्या भिंतीशी पोचली की उलटी फिरते. जाताना खडक दाबते, परतताना ओढते. दगड दाब सोसतो, ओढ सोसत नाही. छताचे पापुद्रे सुटतात ते या परतीच्या फेरीत. लाकडी टेकूची पाचर सैल होते. नुकता फवारलेला, न मुरलेला काँक्रीटचा थर तडकतो. टेकू उभा असतो, पण भार पेलत नाही.

बोरघाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. २५ बोगदे, आणि हाताशी काळी दारू. नोबेलच्या डायनामाइटचं पेटंट १८६७चं. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ साली वारला, पत्नी अॅलिसने काम पुढे नेलं. तिचं नाव इतिहासात राहिलं. पटकीने आणि अपघातांनी गेलेल्या हजारो मजुरांची नावं कोण सांगणार?

डायनामाइटचा धक्का काळ्या दारूपेक्षा तीक्ष्ण. पुढे शहाणपण आलं ते असं, की एकूण दारू किती यापेक्षा एका क्षणी किती उडते, हे महत्त्वाचं. म्हणून भोकं एकदम न उडवता सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत मोजावं इतक्या अंतराने उडवायची. कडेच्या भोकांत दारू बेताची. टेकूऐवजी खडकातच पोलादी सळया रुजवल्या, म्हणजे खडकाबरोबर त्याही हलतात.

कोयनेत १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाखालचा शेवटचा कातळ सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेतलं. तिथे आत जाऊन आधार पुन्हा तपासायची सोय नव्हती. आधीचंच काम चोख हवं होतं.

खाणीत मात्र रोज बार, आणि रोज कुणीतरी पहिला आत शिरतो. हातातल्या पहारेने छत ठोकतो आणि कान देतो. खणखणीत आवाज आला तर खडक धरून आहे. बद्द आला, की दोन पावलं मागे.