पटकीच्या जंतूची पकड

पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू आतड्यात दोन कामे करतो. आधी आतड्याच्या अस्तराला चिकटतो, मग विष सोडतो. शास्त्राला यातले दुसरे काम आधी उमगले.

1817 मध्ये बंगालमधल्या जेसोरला उसळलेली साथ पुढच्याच वर्षी मुंबईत पोहोचली. साथ आली की मरीआईचा गाडा निघे. लाकडी गाड्यात देवी बसवायची, नैवेद्य दाखवायचा आणि गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढचे गाव तो आपल्या शिवेपलीकडे ढकली. रोग गावोगाव फिरतो एवढे या रिवाजाला नेमके ठाऊक होते. त्याची वाट पाण्यातून जाते, हे नव्हते. ते 1854 मध्ये लंडनच्या जॉन स्नोने दाखवले आणि 1884 मध्ये रॉबर्ट कोखने कलकत्त्यात जंतूवर बोट ठेवले.

जंतू विष सोडत असावा, असा कोखचा तर्क होता. पण प्राण्यांना सुया टोचून पटकी होईना, त्यामुळे तो पाऊणशे वर्षे सिद्ध झाला नाही. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू घातले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. 1959 मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच घडवले. त्याच वर्षी परळच्या हाफकिन संस्थेत निर्मलकुमार दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या तान्ह्या पिल्लांना जंतूच्या अर्काने माणसासारखेच जुलाब होतात, असे दाखवले. डे यांचे नाव निदान उशिरा तरी गाजले. परळच्या या कामाची आठवण मुंबईतही फारशी निघत नाही. हेच पिल्लांचे तंत्र वापरून अमेरिकेत फिंकलस्टाइन यांनी 1969 पर्यंत विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते पेशीला क्षार आतड्यात सोडायला लावते, क्षारामागे पाणी जाते आणि माणूस काही तासांत सुकतो.

चिकटण्याचे महत्त्व मात्र डुकरांच्या गोठ्यातून कळले. पिल्लांना हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूवर के-88 नावाचे केसासारखे तंतू असतात. इंग्लंडमध्ये स्मिथ आणि लिंगूड यांनी त्या तंतूंची जनुके काढून टाकली, तेव्हा विष बनवणारा जंतूही निरुपद्रवी ठरला. पकड नसली की आतड्याच्या प्रवाहात जंतू वाहून जातो. पटकीच्या जंतूचा असा तंतू 1987 मध्ये सापडला. विषाची आणि त्याची जनुके एकाच हुकमावर चालतात, म्हणून त्याचे नावही विषाशी जोडलेले आहे. खरी गंमत 1996 मध्ये कळली. विषाचे जनुक मुळात जंतूचे नव्हेच. ते एका विषाणूने आणलेले, आणि तो विषाणू जंतूत शिरतो तो याच तंतूला धरून. पकड देणारा तंतू असा विषाचेही दार ठरला.

पण जंतू आतड्यात पोहोचतो तो पाण्यातून, म्हणून शेवटी पाण्याकडेच पाहावे लागते. मुंबईला 1892 पासून पाणी देणारा तानसा तलाव शहापूर तालुक्यातला, भातसाही तिथलाच. हा तालुका मात्र उन्हाळ्यात टँकर आणि आटलेल्या विहिरींवर निभावतो. अशा विहिरीत ग्रामपंचायत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकते. नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब घातल्यावर पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरीन उरला आहे असे समजावे. रंग आला नाही, तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.