मारबत, नारबोद आणि बांकाबाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. बांबू आणि कागद यांपासून केलेले हे प्रचंड स्त्रीपुतळे वाजतगाजत इतवारीत समोरासमोर येतात आणि अखेरीस गावाबाहेर नेऊन जाळले जातात. त्याच दिवशी भल्या पहाटे वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात, बालाघाट जिल्ह्यातील गावांत, नारबोद शिवेपार घालविली जाते. रोगराई, खोकला, ढेकूण, डास, जे काही त्रासदायक असेल ते सारे बरोबर घेऊन जा, अशी आरोळी दोन्ही ठिकाणी उठते. विधी एकच, ऋतू एकच, हेतूही एकच. भेद आहे तो एवढाच की, बालाघाटच्या नारबोदीला कोणी ऐतिहासिक नाव देत नाही. नागपूरची काळी मारबत मात्र बांकाबाई भोसले म्हणून ओळखली जाते.

हा भेद वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. नारबोद जाळताना गाव आपले दुखणे जाळतो. काळी मारबत जाळताना नगर एका माणसावर निकाल देत असते आणि तो निकाल दरवर्षी नव्याने बजावते. घरात शिरलेला शत्रू, स्वकीयांचा घात करून इंग्रजांना मिळालेली राणी, असा त्या निकालाचा आशय आहे. तो कागदपत्रांच्या कसोटीस कितपत उतरतो, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. १८०३ च्या देवगावच्या तहात वऱ्हाड आणि कटक हे प्रांत गमावूनही त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज अखेरपर्यंत पत्करली नव्हती. त्यांचा पुत्र परसोजी शरीराने व मनाने दुर्बळ होता. साहजिकच सत्ता कोणी चालवावी, या प्रश्नावरून राजवाड्यात दोन तट पडले. एका बाजूस रघूजींची राणी बांकाबाई आणि धर्माजी भोसले. दुसऱ्या बाजूस रघूजींचे पुतणे मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी बाजी मारली, धर्माजी मारला गेला आणि मे १८१६ च्या अखेरीस तैनाती फौजेचा तह झाला. तो करणारे आप्पासाहेबच होते. घरातील विरोधकांपासून आपले आसन सुरक्षित राहावे, म्हणून त्यांनी रेसिडेंट जेंकिन्सचा आश्रय घेतला. चुलत्याने आयुष्यभर टाळलेली गोष्ट पुतण्याने पहिल्या काही आठवड्यांत केली.

पुढचा क्रम सर्वश्रुत आहे. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्यास होते. परंतु हा खून त्यांच्याच संमतीने झाला, हा आरोप त्यांची पाठ कधी सोडू शकला नाही. नोव्हेंबरात बाजीरावाने धाडलेली सेनासाहेब सुभा या पदाची वस्त्रे त्यांनी प्रकटपणे स्वीकारली आणि २६ व २७ नोव्हेंबर रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. तीत पराभव झाला. जानेवारी १८१८ मध्ये नव्या अटींवर त्यांना गादी मिळाली. मार्चात कैद घडली. प्रयागच्या वाटेवर मे महिन्यात ते निसटले, महादेवाच्या डोंगरांतील गोंडांच्या आश्रयाने लढत राहिले आणि अखेर १८४० मध्ये जोधपुरास परागंदा अवस्थेत निवर्तले. इकडे रघूजींच्या मुलीच्या अल्पवयीन पुत्रास तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविण्यात आले. बांकाबाई त्याची पालक झाली आणि कारभाराची सूत्रे जेंकिन्सच्या हाती राहिली.

या यादवीची झळ राजवाड्यापुरती राहिली नाही. आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल याने १८१८ मध्ये आप्पासाहेबांचा पक्ष घेऊन बंड केले. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने ते मोडले आणि जमीनदारी त्याच्या घराण्याकडून जाऊन लोधी घराण्याकडे आली. हा मुलूख बालाघाटच्या अगदी लगतचा आहे. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा बनला तोच मुळी भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून. म्हणजे नागपूरच्या भाऊबंदकीने वैनगंगेकाठच्या जमिनीचे धनीही पालटले. गंमत अशी की, ज्या प्रदेशात ही उलथापालथ प्रत्यक्ष घडली, तेथील नारबोदीला या वैराचा स्पर्शही झालेला दिसत नाही.

बांकाबाई निर्दोष होती, असे येथे सुचवावयाचे नाही. आप्पासाहेबांच्या पाडावानंतर तिच्या पक्षाचे हित रेसिडेन्सीशी जोडले गेले होते. १८५७ मध्ये तिने आपल्या आप्तांना उठावापासून दूर ठेवले, ही तिच्यावरील रोषाची मुख्य खूण आहे. परंतु मधल्या काळातील एक प्रकरण आपण विसरतो. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केले. वाड्यातील जडजवाहीर आणि जनावरे लिलावात निघाली. त्या अन्यायाविरुद्ध वृद्ध राणीने निषेध नोंदविला आणि राजघराण्याने वकिलांमार्फत दाद मागण्याची खटपट केली. ती व्यर्थ गेली. ज्यांना ती मिळाली असे आपण म्हणतो, त्यांनीच तिचे घर धुऊन नेले होते. १८५८ मध्ये तिचा अंत झाला.

नागपूरच्या मारबतींची आजची परंपरा १८८० नंतरच्या दशकातील मानली जाते. पिवळी मारबत १८८५ पासूनची सांगतात. म्हणजे सीताबर्डीची लढाई पाहिलेली पिढी तोवर सरली होती. राज्य गेल्याचे शल्य मात्र ताजे होते आणि ते उघड बोलण्याची सोय नव्हती. इंग्रजाचा पुतळा जाळणे कठीण. घरातील एका स्त्रीचा पुतळा जाळणे सोपे. जुन्या पूतनेच्या रूपात नव्या दुःखाला नाव मिळाले आणि रोगाची जागा फितुरीने घेतली. पराभूत समाजाला पराभवाचे कारण आपल्या दुर्बळ व्यवस्थेत शोधण्यापेक्षा एका घरभेद्यात सापडले, तर ते सोसण्यास सुलभ जाते. त्यात ते माणूस विधवा स्त्री असेल, तर तिच्या वतीने बोलणाराही कोणी उरत नाही.

असे अन्यत्रही घडले आहे. १६०५ च्या कटातील गाय फॉक्सचा पुतळा इंग्लंडात आजही ५ नोव्हेंबरला जळतो. पुष्कळांच्या लेखी तो आता निव्वळ दारूकामाचा सण आहे, पण शतकानुशतके तो कॅथलिक शेजाऱ्यांना दिलेला इशारा होता. अमेरिकेत यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त १९६१ मध्ये मनॅससची लढाई हजारो प्रेक्षकांसमोर पुन्हा खेळून दाखविण्यात आली. ज्या गुलामगिरीपायी ते युद्ध झाले, तिचा प्रश्न मात्र त्या देखाव्यात मागे पडला. पुनःप्रयोगाला दोन पक्ष लागतात, कारणे लागत नाहीत. इतिहासाला कारणे लागतात.

तेव्हा मारबत बंद करावी काय? मुळीच नाही. तिच्याबरोबर निघणारे बडगे दरवर्षी त्या त्या काळातील अन्यायाची, महागाईची, भ्रष्टाचाराची टवाळी करतात. लोकांचे असे मोकळे न्यायासन फार थोड्या नगरांना लाभले आहे. अपेक्षा इतकीच की, पाडव्याच्या सुट्टीनंतर शाळा भरेल तेव्हा शिक्षकाने एक प्रश्न फळ्यावर लिहावा: तैनाती फौजेच्या तहावर संमती कोणी दिली? मुले उत्तर शोधू लागली की, आप्पासाहेब केवळ वीर राहणार नाहीत आणि बांकाबाई केवळ राक्षसीण राहणार नाही. एका घरातील दोन भयभीत पक्ष एकाच परक्या दाराशी पाळीपाळीने गेले, हे त्यांना दिसेल. फितुरी हा एका व्यक्तीचा दुर्गुण नसून आपसांत अविश्वास माजलेल्या घराची ती अवस्था असते, हेही कदाचित उमजेल.

बालाघाटच्या खेड्यातील पहाटेची ती आरोळी या दृष्टीने अधिक शहाणी वाटते. ती कोणाचेही नाव घेत नाही; पीडा तेवढी शिवेबाहेर जावी, असे म्हणते. दोनशे वर्षांपूर्वीच्या यादवीची जी पीडा आपल्या मनात अजून वस्तीला आहे, तीही नारबोदीने सोबत न्यावी.