‘आसन्न’ या शब्दाचे मोल

शालेय गणितात २२/७ इतका परिचित आणि तितकाच फसवा अपूर्णांक दुसरा नसावा. ‘पाय म्हणजे २२/७, २२/७ परिमेय, म्हणून पाय परिमेय’ हे अनुमान विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्यांच्या तर्कात दोष नाही. दोष पहिल्या विधानातील ‘म्हणजे’ या शब्दात आहे.

आर्यभटाने हा शब्द टाळला. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आहे, म्हणजे गुणोत्तर ३.१४१६, परंतु त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असे विशेषण जोडले आहे.

त्याही पूर्वी बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाचा कर्ण काढण्याची रीत आली. बाजूत तिचा तृतीयांश मिळवावा, त्या तृतीयांशाचा चतुर्थांश मिळवावा आणि या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग वजा करावा. बाजू १ धरल्यास ५७७/४०८ मिळतात. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. चूक अवघ्या एकाची! वेदी रचणाऱ्याला ती जाणवणारही नाही. मात्र अंश-छेद कितीही मोठे घेतले, तरी हा फरक शून्य होत नाही. तसे झालेच, तर अतिसंक्षिप्त रूपातील अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट होईल. मग अंश सम ठरेल, त्यामुळे छेदही सम ठरेल, आणि अतिसंक्षिप्त रूपात तर दोन्ही सम असू शकत नाहीत. सम-विषमाच्या या युक्तिवादाचा निर्देश ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेही केला आहे.

दशांश स्थळे पाहून हा निवाडा होत नाही. १/१७ चे दशांश रूप ०.०५८८२३५२९४११७६४७ असे सोळा अंकांनंतर पुन्हा सुरू होते. आठ अंकी गणनयंत्रावर त्यात आवर्तन दिसणारच नाही, तरीही संख्या निःसंशय परिमेय आहे. उलट, कोट्यवधी अंकांत आवर्तन न आढळणे हीदेखील अपरिमेयतेची सिद्धता नव्हे.

आर्यभटाने खरे मान सोडून आसन्न मानच का सांगितले, हा प्रश्न केरळातील नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी आपल्या भाष्यात स्पष्टपणे विचारला. त्यांचे उत्तर असे की, खरे मान सांगताच येत नाही. ज्या मापाने व्यास निःशेष मोजला जातो, त्याने परीघ मोजता काही उरतेच. परीघ निःशेष मोजावा, तर व्यासात उरते. माप सूक्ष्म करीत गेल्यास अवशेष लहान होतो, नाहीसा होत नाही. हे विधान अचूक होते; पण सिद्धता त्यांनी दिलेली नाही. ती १७६१ मध्ये योहान हाइनरिख लॅम्बर्ट याने, आवर्ती नसलेल्या अनंत वितत अपूर्णांकांच्या साहाय्याने, मांडली.