दाबाचं कुलूप

घरी बिअर बनवणाऱ्या अमेरिकी हौशींच्या पिंपातून वायू गळला की दोष सहसा जुन्या रबरी रिंगेवर जातो. माझ्या मते, कारण पिंपाच्या इतिहासात शोधायला हवं. सुमारे 19 लिटरचं हे स्टीलचं पिंप मुळात शीतपेयांच्या सिरपसाठी होतं. 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय मुभा मिळाली आणि पुढे शीतपेय कंपन्या खोक्यातल्या पिशव्यांकडे वळल्यावर ही पिंपं स्वस्तात हौशींच्या हाती आली.

त्यांचं लंबगोल झाकण आतून बसतं; वायूच त्याला वर रेटून रिंगेवर आवळतो. हायरम कॉडने 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीचं, म्हणजे आपल्या गोटी सोड्याचं तत्त्वही हेच. रिंग बदलली की गळती थांबते, असं कोणी म्हणेल. अनेकदा थांबतेही. पण सिरपच्या पिंपाचं हे झाकण बाहेरून एकदम येणाऱ्या दाबासाठी घडलेलं; साखर घालून बिअरमध्ये वायू हळूहळू तयार होऊ दिला, तर कधीकधी नवी रिंगही आवळत नाही. मग वायू निसटतो आणि दाब चढतच नाही. म्हणून जाणकार आधी सिलिंडरमधून जोराने वायू सोडून झाकण बसवतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतात.