पेटीवाले काका

झाशीच्या लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडलं की लक्ष्मी ताल लागतो. आता तिथं पाण्यापेक्षा जलकुंभीच जास्त दिसते, पण आजीच्या बोलण्यातला ताल कायम कमळांचा असायचा. काठावर झाशीच्या राजघराण्याच्या, म्हणजे नेवाळकरांच्या वेळचं महालक्ष्मीचं देऊळ आणि जवळच राजे गंगाधररावांची छत्री. १८५३ च्या नोव्हेंबरात ते गेले, त्यानंतर राणीनं ती बांधवली. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. आजोबा तेव्हाच्या जीआयपीच्या वर्कशॉपात लागले आणि घर झाशीला आलं. देवळात आम्ही जायचो नाही, पण टांग्यानं तालावर जाऊन छत्रीपाशी दाणे खात बसायला आजीची ना नसे. ‘मेलेल्या राजाला धर्म इचारू नये,’ म्हणायची.

गंगाधररावांची गोष्ट मी पहिल्यांदा तिथंच ऐकली. राजाला नाटकाचं भारी वेड. बाईचं सोंग स्वतः घ्यायचा. नाटक नसलं तरी कधी लुगडं नेसायचा, बांगड्या भरायचा, महिन्याचे चार दिवस बायकांसारखा बाजूलाही बसायचा. इंग्रज साहेबानं विचारलं, हे काय? तर राजा म्हणाला, तुम्ही या मुलखातल्या सगळ्याच राजांना बांगड्या भरल्यात, मी खऱ्या घातल्या तर तुमचं काय गेलं?

पुढे विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ हाती आला, तेव्हा त्यात या गोष्टीचा बराचसा भाग सापडला. वरसईचे हे भटजी १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकले होते. पण राजाला जाऊन तोवर चार वर्षं होऊन गेलेली, म्हणजे त्यांचंही ऐकीवच. शिवाय लिहिलं पंचवीसेक वर्षांनी, आणि चिंतामणराव वैद्यांनी छापलं ते १९०७ साली. राजाच्या तोंडचं उत्तर आजीनं थोडं तिखटमीठ लावून सांगितलं असणार. राजाला आजच्या कुठल्या रकान्यात बसवायचं ते विद्वानांनी ठरवावं. मला आठवतं ते एवढंच, की सांगताना आजी राजाला हसत नसे. हसायची ती साहेबाला.

तिच्या घरी हिजड्यांचाही मान असायचा. (आता किन्नर म्हणतात, तृतीयपंथी म्हणतात, आजी ‘त्या बाया’ म्हणायची.) वडील जन्मले तेव्हा टाळ्या वाजवत दारात आलेल्यांना तिनं सुपात गहू, गूळ आणि रुपया दिला आणि म्हणाली, आशीर्वाद येशूच्या नावानं द्या. त्यांनी बुंदेलीत तो दिलाही, ‘हओ, बऊ’ म्हणत. शेजारच्या ख्रिस्ती बाईंना हे रुचलं नाही. अशांना दारात उभं करणं विश्वासणाऱ्यांना शोभत नाही, असं त्या म्हणाल्या. आजीचं म्हणणं, दार माझं आहे.

त्या बाईंचं मत आकाशातून पडलं नव्हतं. १८६० च्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ वं कलम आलं, त्याचं मूळ इंग्लंडच्या १५३३ सालच्या कायद्यात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं वायव्य प्रांतातल्या हिजड्यांची नोंदवही करायला लावली. नोंद झालेल्यानं बाईच्या वेषात रस्त्यावर दिसायचं नाही, नाचायचं-गायचं नाही. दिसला तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. गंमत अशी, की १८६१ पासून झाशी शहर शिंद्यांकडे होतं. ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना देऊन इंग्रजांनी ते परत घेतलं १८८६ मध्ये. म्हणजे ज्या शहराचा राजा बांगड्या भरायचा, त्याच्या वेशीबाहेर पंधरा वर्षं हा कायदा थांबून होता. साहेबाच्या पेटाऱ्यातून बायबल आलं आणि हे कायदेही आले. कोणतं देवाचं आणि कोणतं सरकारचं, हे निवडून घ्यायचं आमच्या लोकांच्या ध्यानात राहिलं नाही.

आता पेटीवाले काका. आजोबांचे हे मावसभाऊ, तेही रेल्वेत. लग्न केलं नाही. लोकोशेडमधल्या एका फिटर मित्राबरोबर क्वार्टरमध्ये राहायचे. तो कानपूरकडचा. दोघांची एकच सायकल. काका उंच आवाजात बोलत, पानात चुना फार लावत आणि पेटी अशी वाजवत की रडणारं लेकरू गप्प व्हावं. महिन्यातून एकदा आमची मराठी उपासना असे, तिथं ना. वा. टिळकांची भजनं त्यांच्याशिवाय उभीच राहत नसत. थंडीत आजी हुलग्याचे शेंगोळे करायची तेव्हा एक डबा त्यांच्याकडे जायचा, तो दोघांपुरता. त्यांच्याकडून कधी बुंदेली महेरी यायची, कधी नुसता रिकामा डबा. त्या दोघांविषयी घरात कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत आहे असं कुणी दाखवायचं नाही, हा आमच्या घराचा रिवाज.

मग नवे पाळक आले. साल मला सांगता येणार नाही. मी फ्रॉक घालायचे, एवढं खरं. त्यांनी लेवीय पुस्तकावर उपदेश केला आणि मागून मंडळीची पंचकमिटी भरली. ठरलं असं, की काकांनी उपासनेला यावं, पण पेटीला हात लावू नये आणि प्रभुभोजन घेऊ नये. काका आले नाहीत. पेटीवाचून भजन सुरू झालं की पहिल्या कडव्यापर्यंत पुरुष एका पट्टीत, बायका दुसऱ्या. आजी वाद घालणाऱ्यांतली नव्हती. तिनं फक्त नाताळात पाळकांकडचं ताट बंद केलं. अनारसे नाहीत, करंज्या नाहीत. तिचं बघून चार घरांनी तेच केलं. ईस्टरच्या आधी पाळक स्वतः काकांच्या क्वार्टरवर गेले म्हणे. आत्या सांगते, अनारशांमुळे. वडील सांगायचे, बेसुरेपणामुळे. काका पुन्हा पेटीवर बसले. प्रभुभोजनाची वाटी मात्र मरेपर्यंत त्यांच्यापुढून तशीच पुढे जायची, आणि त्याबद्दल आजीनंही तोंड उघडलं नाही. इथं मला तिचा राग येतो. गप्प राहून तिनं काकांना जागा दिली हे खरं, पण ती जागा पेटीपाशी संपत होती.

झाशी कॅन्टोन्मेंटात सेंट ज्यूडचं कॅथलिक देऊळ आहे. हा अशक्य कामांचा संत. २८ ऑक्टोबरला तिथं सगळ्या धर्मांची गर्दी होते. आम्ही प्रोटेस्टंट, तरी आजी मेणबत्ती घेऊन जायची. कुणासाठी, ते सांगत नसे. आत्याची खात्री आहे की काकांसाठी.

काकांसारख्या माणसांविषयी ख्रिस्ती मंडळ्या पुढेही एका तोंडानं बोलल्या नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये ३७७ सैल केलं, तर सर्वोच्च न्यायालयात त्याविरुद्ध जाणाऱ्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स होते. डिसेंबर २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस म्हणाले, की समलिंगी विवाह चर्चला मान्य नाही, पण या माणसांना चर्चनं कधी गुन्हेगार मानलेलं नाही. ‘कधी’वर मला शंका आहे, तरी बाकीचं मोलाचं. नागपूरला मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस तर मंडळ्यांनी याचा बसून अभ्यास करावा म्हणून खटपट करत आली आहे. तमिळनाडूत भारती नावाच्या तृतीयपंथी बाई पाळक झाल्या. २०१८ च्या सप्टेंबरात ३७७ चा काच गेला. २०२३ च्या नोव्हेंबरात रोमनं सांगितलं, की तृतीयपंथी माणसाला बाप्तिस्मा घेता येईल, आणि डिसेंबरात समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली. लग्न म्हणून नाही, हे बजावून.

हे मी आत्याला वाचून दाखवलं. आत्या आता थकली आहे, ऐकू कमी येतं, पण बायबल पाठ. तिनं प्रेषितांच्या कृत्यांतली हबशी षंढाची गोष्ट काढली. राणीचा मोठा खजिनदार, रथात यशया वाचत चाललेला. फिलिप्प त्याला अर्थ सांगतो. वाटेत पाणी दिसतं आणि तो विचारतो, माझ्या बाप्तिस्म्याला आता अडचण काय? दोघं लगेच पाण्यात उतरतात. ‘फिलिप्पानं पंचकमिटी भरवली होती का रे?’ आत्यानं माझ्या चुलतभावाला विचारलं. तो आपल्या मंडळीच्या कमिटीवर आहे. पुढच्या सभेत विषय घेतो म्हणाला. त्यालाही आता दोन सभा होऊन गेल्या. आत्या फोनवर शेंगोळ्यांचं विचारते, मग सभेचं.