केरळ १९, आसाम १९५

बाळंतपणात बाई दगावली की आपल्याकडे "नशीब तिचं" म्हणायची पद्धत होती. पण हे नशीब राज्य बघून बदलतं. २०१८-२० या काळातले सरकारी आकडे पाहा. दर एक लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९ माता गेल्या, महाराष्ट्रात ३३, उत्तर प्रदेशात १६७ आणि आसामात १९५. (गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांत, त्याच्याशी संबंधित कारणाने आलेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू. अपघात त्यात धरत नाहीत.) औषधं तीच आणि डॉक्टरांची पुस्तकंही तीच. मग दहापट फरक कुठून आला?

१९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात वर्षाला सुमारे दोन लाख बायका बाळंतपणापायी मरत असाव्यात, असा अंदाज होता. म्हणजे हजार जन्मांमागे वीस. तिथून आपण २०१८-२० मध्ये लाखामागे ९७ वर आलो. मोठी मजल आहे ही, पण सगळे सारख्या वेगाने चालले नाहीत.

केरळची चाल फार आधी सुरू झाली. मेरी पुन्नेन लुकोस ही त्रावणकोरची मुलगी लंडनहून डॉक्टर होऊन १९१६ साली परतली आणि तिरुवनंतपुरमच्या स्त्रियांच्या सरकारी रुग्णालयाची प्रमुख झाली. तिने परंपरागत सुइणींना हाकलून दिलं नाही. त्यांच्या मुलींना सुईणपणाचं रीतसर शिक्षण दिलं. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण त्या घरावर गावाचा विश्वास आधीपासूनच असायचा. १९३८ साली ती संस्थानची सर्जन जनरल झाली. त्या काळात एक बाई आरोग्यखात्याची प्रमुख! मुलींच्या शाळा तिथे त्याआधीपासूनच होत्या.

याचं फळ पुढे दिसलं. १९९२-९३ च्या पाहणीत केरळातली दहापैकी जवळपास नऊ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, तर उत्तर प्रदेशात दहातलं जेमतेम एक.

हा सगळा पैशाचा खेळ आहे, असं कुणी म्हणेल. मग सधन पंजाबचा आकडा १०५ कसा? देशाच्या सरासरीपेक्षाही जास्त!

बाळंतपणात सगळ्यात घातक असतो तो रक्तस्राव. धडधाकट बाईसुद्धा त्यात दोन-तीन तासांत हातची जाऊ शकते. अंगात रक्त आधीच कमी असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. आसामच्या चहामळ्यांतल्या मजूर बायकांत रक्तक्षय फार, आणि ब्रह्मपुत्रेतल्या बेटांवरून दवाखाना गाठायचा तर आधी होडी हवी. जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर, असे तीन उशीर डॉक्टर मोजतात. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने बायकांना दवाखान्यापर्यंत आणलं, पण तिथे रक्त नाही, भूल देणारा नाही, तर तिसरा उशीर उरतोच. केरळने २००४ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय तपासणी सुरू केली. नाव न घेता, दोष न देता, नेमकं कुठे चुकलं ते डॉक्टरांनी एकत्र बसून शोधायचं. २००१-०३ मध्ये तिथला आकडा ११० होता, तो २०१८-२० मध्ये १९ वर आला.

आपल्या ३३ वरही फार खूश होऊ नका. ही सरासरी आहे. पुण्यातली बाई अर्ध्या तासात मोठ्या रुग्णालयात पोचते. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातल्या काही पाड्यांवरून आजही बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असेल, तर डोहाळजेवणाच्या तयारीआधी दोन गोष्टी विचारून ठेवा: जवळच्या दवाखान्यात रात्री सिझेरियन होतं का, आणि तिच्या गटाचं रक्त किती वेळात मिळेल?