तळटीप : ‘मेंढपाळाची तबकडी’

‘मेंढपाळाची तबकडी’ : लेखकाला अभिप्रेत आहे ती एच.एम.व्ही.ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७). शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी), ब्रिजभूषण काबरा (गिटार). तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीतांचे आद्य गायकच. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अशी तिची कल्पना. शब्द मात्र एकही नाही. पहाट अहीर भैरवाने होते, शेवट पहाडीत. संतुरावर कलमाचा आघात होताच स्वर विरू लागतो, मींड जवळजवळ नाहीच; ती उणीव काबरांची तारेवरून सरकणारी पट्टी आणि बासरी भरून काढतात. म्हणूनच इथे संतुराच्या झऱ्याशेजारी माणसाची हाक ऐकू आल्यासारखी वाटते. रागांच्या वेळा श्रोत्याच्या कानात आधीच मुरलेल्या असतात, त्यामुळे गोष्ट सांगण्याचे निम्मे काम त्याच करतात. पण देस लागला की कोणाला रात्र दिसते, कोणाला पाऊस. लेखकाला त्यात कोकणातला आषाढ दिसला. ते काश्मीरच्या हिशेबात बसत नाही, पण देसाच्या हिशेबात चोख बसते.